शितं 1440, भांडी बारा

प्रश्न डिचोलीकडच्या एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा आहे. तो थोडक्यात असा: "2012 च्या लोहखाणबंदीनंतर खाण तालुक्यांतल्या घरांचा वीजवापर किती घटला हे मला मोजायचंय. 2008 ते 2017, गोव्याचे बारा तालुके, दर महिन्याला ग्राहकामागे किती युनिट, अशा 1440 ओळी आहेत. तालुका आणि महिना यांचे फिक्स्ड इफेक्ट घातले, म्हणजे प्रत्येक तालुक्याची आणि प्रत्येक महिन्याची स्वतःची पातळी वजा केली. 'खाण तालुका' गुणिले 'सप्टेंबर 2012 नंतर' याचा गुणांक लॉगमध्ये उणे 0.07 आला (साधारण सात टक्के घट), स्टँडर्ड एरर 0.01, म्हणजे टी सात. परीक्षक म्हणतात, स्टँडर्ड एरर मान्य नाही, निष्कर्ष बदला. टी सात असताना निष्कर्ष का बदलायचा?"

परीक्षकांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, दुसरा घाईचा आहे. गुणांकाबद्दल नंतर बोलू. आधी त्या 0.01 बद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. स्टँडर्ड एरर म्हणजे गुणांक किती इकडेतिकडे असू शकतो याचा अंदाज. गुणांकाला त्याने भागलं की टी, आणि टी साधारण दोनच्या वर गेला की निकाल निव्वळ योगायोग मानत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतं. पण ती परीक्षा कशामुळे जमते? भांडं एक, पाणी एक, आच एक. म्हणून एक शीत सगळ्या भाताचं सांगतं. याच कारणाने त्या भांड्यातलं दुसरं, तिसरं, शंभरावं शीत नवं काही सांगत नाही. तुमच्याकडे शितं 1440 आहेत, भांडी मात्र बारा. संगणकाला तुम्ही सांगितलंत की 1440 वेगवेगळी भांडी चाखली. त्याने विश्वास ठेवला आणि त्या हिशोबाने 0.01 दिला.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेसाठी दहा गावांतल्या सहाशे कुटुंबांची पाहणी केली होती. पाच गावांत एक योजना होती, पाच गावांत नव्हती. टी चारच्या आसपास आला. आम्ही खुशीत अहवाल दिला आणि त्यावर पैसे खर्चही झाले. वर्षभराने एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं, "गावं किती म्हणालास?" दहा म्हटल्यावर त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. एका गावात साठ कुटुंबं. त्यांचं आपसांतलं साम्य, म्हणजे गावांतर्गत सहसंबंध, 0.1 धरला तरी विचरण (स्टँडर्ड एररचा वर्ग) 1 अधिक 59 गुणिले 0.1, म्हणजे 6.9 पटीने वाढतं. सहाशे कुटुंबांची किंमत उरली सत्त्याऐंशी कुटुंबांएवढी. स्टँडर्ड एरर 2.6 पट झाला आणि टी चारवरून दीडवर आला. कागद घडी करून त्यांनी माझ्या खिशात घातला. नंतर कळलं की हा हिशोब नमुना पाहणी करणाऱ्यांना कधीचा माहीत होता. अर्थशास्त्राच्या रिग्रेशनमध्ये लोक तो विसरतात हे अर्थतज्ज्ञ मोल्टन यांनी 1990 मध्ये नीट दाखवून दिलं.

तुमच्या बाबतीत गोष्ट आणखी थोडी वाईट आहे, कारण तुमची शितं एकामागून एक येणारे महिने आहेत. वीजवापराला स्मृती असते. ज्या घरात मार्चमध्ये फ्रिज आहे त्या घरात एप्रिलमध्येही असतोच. लागोपाठच्या महिन्यांचा सहसंबंध 0.8 धरा, वीजवापरात तो जास्तही निघेल. मग एका तालुक्याच्या 120 महिन्यांची सरासरी काढताना हातात खरी माहिती साधारण तेरा स्वतंत्र महिन्यांएवढीच असते. आणि 'खाण' गुणिले 'बंदीनंतर' हा तुमचा चलसुद्धा चार-पाच वर्षं शून्य, मग एकदा एक झाला की एकच, असा गोठलेला आहे. दोन्ही बाजूंनी स्मृती असली की स्टँडर्ड एरर सगळ्यात जास्त फसवतो.

हे किती फसवतं ते अर्थतज्ज्ञ बर्ट्रांड, दुफ्लो आणि मुल्लैनाथन यांनी 2004 मध्ये दाखवलं, आणि माझ्या मते हे काम प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात सांगायला हवं. त्यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाचे आकडे घेतले आणि कधीच न झालेले कायदे मनाने कुठल्याही राज्याला, कुठल्याही वर्षी लावले. परिणाम शून्यच असायला हवा होता. पाच टक्क्यांच्या कसोटीत शंभरांतले पाच कायदे चुकून 'परिणामकारक' निघणं समजू शकतो. साध्या स्टँडर्ड एररने ते 45 पर्यंत निघाले. जे कायदे नव्हतेच, त्यांतले जवळपास निम्मे!

आता उपाय. पहिला इतका साधा आहे की लोकांना तो कमीपणाचा वाटतो. प्रत्येक तालुक्याची बंदीपूर्वीची एक सरासरी आणि बंदीनंतरची एक सरासरी काढा, दोन्हींतला फरक घ्या. 1440 ओळींचे बारा आकडे झाले. पाच खाण तालुके म्हणजे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे. उरलेले सात म्हणजे पेडणे, बार्देश, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, काणकोण. दोन गटांच्या सरासरीतला फरक काढला की, तालुके आणि महिने सगळे भरलेले असल्यामुळे, तुमचा उणे 0.07 हाच गुणांक परत येईल. पण आता स्वातंत्र्यांश (बारा आकड्यांतून दोन सरासऱ्या वजा जाता उरलेली स्वतंत्र माहिती) दहा आहेत आणि पाच टक्क्यांची रेघ 1.96 वर नसून 2.23 वर आहे. टी सात इथे क्वचितच टिकतो. दोन-अडीच आला तरी मी समाधानी असेन.

दुसरा उपाय संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या परंपरेतला. त्यात घंटाकृती वक्र गृहीत धरावा लागत नाही. बारा फरक चढत्या क्रमाने लावा. सगळ्यात जास्त घट झाली तो एक नंबर. बारांतून पाच तालुके निवडण्याचे प्रकार 792. बंदीचा काहीच परिणाम नसता तर खाण तालुक्यांना यांतले कुठलेही पाच क्रमांक सारख्याच शक्यतेने मिळाले असते. पाचही जण पहिल्या पाचांत बसण्याचा प्रकार 792 मध्ये एकच. पाच क्रमांकांची बेरीज 20 किंवा त्याहून कमी येण्याचे प्रकार 19. दोन्ही बाजू धरून 38, म्हणजे 4.8 टक्के. तुमच्या पाच तालुक्यांच्या क्रमांकांची बेरीज 20 च्या आत असेल तर पाच टक्क्यांवर निकाल टिकतो. एका रविवारी, संगणक न उघडता होणारं काम आहे हे.

तिसरा उपाय परीक्षकांना बहुधा अपेक्षित आहे: तालुक्यावर क्लस्टर केलेला, म्हणजे एका तालुक्याच्या सगळ्या ओळी एक गठ्ठा धरून काढलेला स्टँडर्ड एरर. तो करा, पण एकटा देऊ नका. त्यामागचं गणित क्लस्टर पुष्कळ असतील तेव्हाचं आहे, आणि पुष्कळ म्हणजे किती यावर वीसपासून पन्नासपर्यंत मतं आहेत. बारांत तो स्टँडर्ड एरर खालीच झुकतो. म्हणून कॅमेरॉन, गेल्बाख आणि मिलर यांनी 2008 मध्ये सुचवलेला वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप सोबत द्या. परिणाम शून्य आहे असं धरून मॉडेल बसवायचं, मग एका तालुक्याचे सगळे अवशेष (मॉडेलला न जुळलेला भाग) एकदम अधिक किंवा उणे चिन्हाने गुणायचे, आणि दर वेळी टी काढायचा. बारा तालुक्यांना चिन्हं लावण्याचे प्रकार 4096 असल्याने नमुना न घेता सगळेच तपासता येतात. स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये 'बूटटेस्ट' ही आज्ञा हे काही सेकंदांत करते. पाच विरुद्ध सात अशी वाटणी आहे म्हणून हे चालतं. खाण तालुका एकच असता तर ही पद्धतही कोसळली असती.

इथवर वाचून वाटेल, झालं. पण माझी खरी शंका यापुढची आहे, आणि परीक्षकांनी ती विचारलेली नाही हे तुमचं नशीब.

नकाशा उघडा. ते पाच तालुके उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याची एक सलग पट्टी आहे. उरलेल्या सातांतला फोंडा सोडला तर बाकी सगळे समुद्राला लागून. मग भांडी बारा आहेत खरी, पण पाच एका चुलीवर आणि सहा दुसऱ्या चुलीवर. किनाऱ्याच्या चुलीवर 2012 नंतर जे जे घडलं, हॉटेलं वाढली, भाड्याच्या खोल्या वाढल्या, एसी वाढले, ते सगळं तुमच्या गुणांकात 'खाणबंदीचा परिणाम' म्हणून मोजलं जातंय. खाण तालुक्यांचा वापर तसूभर कमी झाला नाही आणि उरलेल्या सातांचा सात टक्क्यांनी वाढला, तरी उत्तर उणे 0.07 च. वर जे 792 प्रकार सांगितले त्यांतही पेडणे, मुरगाव, सांगे असे विखुरलेले गट धरलेले आहेत. खऱ्या पट्टीशी तुलना करण्यासारखे सलग गट त्याहून फार कमी. ते नकाशावर बोट ठेवून मोजा आणि फक्त त्यांच्यात तुमचा गट कितवा येतो ते पाहा. हा आकडा पहिल्या पी-व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे 792 मधून काढलेल्या टक्क्यांपेक्षा, प्रामाणिक असेल.

या आक्षेपातून मोठेही सुटले नाहीत. कार्ड आणि क्रूगर यांचा 1994 चा किमान वेतनाचा अभ्यास न्यू जर्सी आणि शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाच्या फास्टफूड दुकानांवर होता. दुकानं चारशेच्या आसपास, राज्यं दोन. डोनाल्ड आणि लँग यांनी 2007 मध्ये मांडलं की राज्याला मिळणारा प्रत्येक झटका वेगळा असू शकतो असं धरलं, तर दोन राज्यांत स्वातंत्र्यांश शून्य उरतात. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं ते योग्यच होतं, कारण प्रश्न विचारण्याची रीत त्या कामाने बदलली. पण चुली मोजायच्या राहिल्या की चारशे दुकानं उपयोगी पडत नाहीत.

आता गुणांकाकडे. त्यात काही गोष्टी गोव्यात राहणाऱ्यालाच दिसतील अशा आहेत, आणि बाहेरचा परीक्षक त्या सुचवणार नाही.

बंदीचा आदेश राज्य सरकारने काढला 10 सप्टेंबर 2012 ला, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खाणकाम थांबवलं. पण पावसात खाणी तशाही बंदच असतात. खंदकात पाणी भरतं. सप्टेंबरात बंद काय झालं? कागद. माणसांचा रोजगार गेला तो ऑक्टोबरपासून, हंगाम सुरूच झाला नाही तेव्हा. त्यातून 2012 मध्ये चवथ (गणेश चतुर्थी) आली 19 सप्टेंबरला, आदेशानंतर नवव्या दिवशी. 2011 मध्ये ती 1 सप्टेंबरला होती, 2009 मध्ये 23 ऑगस्टला. चवथीला पणजी-वास्कोची घरं बंद होतात आणि सत्तरी-सांग्यातल्या मूळ घरांत रात्रभर दिवे जळतात. बिल महिना उलटल्यावर लागतं ते वेगळंच. महिन्याचा एकच फिक्स्ड इफेक्ट सगळ्या गोव्याला घातला तर यातलं काही सुटत नाही, कारण डिसेंबर म्हणजे बार्देशला पाहुणे आणि सांग्याला ट्रक. प्रत्येक तालुक्याला बारा महिन्यांचा त्याचा स्वतःचा हंगाम द्या. नाहीतर सरळ ऑक्टोबर ते मे एवढेच महिने ठेवा. मी दुसरं करीन.

'बंदीनंतर' हा एक चलही माझ्या मते फार ढोबळ आहे. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, 2015 मध्ये काही खाणी चालू झाल्या, मध्यंतरी साठलेल्या खनिजाच्या ई-लिलावामुळे ट्रकही थोडेफार फिरले. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीज रद्द झाल्या, ते तुमच्या आकड्यांबाहेर आहे. त्यामुळे 2017 मधला सांगे आणि 2013 मधला सांगे एकाच खणात टाकू नका. पूर्ण बंदीचे दोन हंगाम, 2012-13 आणि 2013-14, एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला 2008-09 ते 2010-11 हे तीन. मधला 2011-12 गाळा. का, तर 30 डिसेंबर 2011 पासून लोहखनिजावरचं निर्यात शुल्क 30 टक्के झालं होतं, आणि 2011 च्या सुरुवातीला शिखरावर असलेला जागतिक भाव 2012 च्या सप्टेंबरपर्यंत निम्म्यावर उतरला होता. गोव्याचं हलक्या प्रतीचं खनिज मुख्यतः चीनला जायचं, त्याला हा फटका आधी.

यातून आणखी एक अडचण निघते, तिच्यावर तांत्रिक तोडगा नाही. भाव पडला आणि बंदी आली, दोन्ही त्याच पाच तालुक्यांत, जवळजवळ एकाच वेळी. कुठलाही स्टँडर्ड एरर त्यांना वेगळं करणार नाही. पण तुमच्याच आकड्यांत एक खिडकी आहे. 2008 च्या उत्तरार्धातही भाव असाच कोसळला होता आणि तेव्हा बंदी नव्हती. त्या वेळी खाण तालुक्यांचा वापर किनाऱ्याच्या तुलनेत किती हलला ते मोजा. फारसा हलला नसेल तर 2012 ची घट भावावर ढकलणाऱ्याला उत्तर मिळतं. हलला असेल तर तेही लिहा. तुमचे आकडे 2008 पासूनच आहेत, त्यामुळे मागचा काळ तोकडा पडेल. वीज खात्यातून 2006-07 चे मिळाले तर पाहा.

बंदीपूर्वीच्या वर्षांत दोन गट समांतर चालत होते, असा आलेख तुम्ही जोडला आहे. चांगला आहे, पण त्यावर फार भार टाकू नका. बारा तालुक्यांत त्या बिंदूंभोवतीचे पट्टे एवढे रुंद असणार की जवळजवळ कुठलीही रेघ त्यांत 'समांतर' म्हणून खपेल. 'फरक सिद्ध झाला नाही' हे 'फरक नाही' असं वाचायचं नाही, आणि ते शेवटच्या निकालालाही लागू आहे. समजा नव्या हिशोबात स्टँडर्ड एरर 0.035 आला. मग 95 टक्क्यांचा पट्टा उणे 0.148 पासून अधिक 0.008 पर्यंत जातो. याला 'बंदीचा परिणाम झाला नाही' म्हणणारा परीक्षक तुमच्या पहिल्या टी सातइतकाच चुकतोय. तेरा टक्क्यांची घटही त्या पट्ट्यात आहे. पट्टा छापा, टी मोठा आहे हे दाखवणारे तारे आकड्यांना लावू नका.

एकेक तालुका वगळून बारा वेळा गुणांक काढायला विसरू नका. डिचोली काढल्यावर तो निम्मा झाला तर ती गोव्याच्या खाणपट्ट्याची नव्हे, डिचोलीची गोष्ट आहे. आणि धारबांदोडा तालुका सांग्यातून नंतर वेगळा झाला. तुमच्या 2008 च्या ओळींत तो कसा आला? कोणी तरी मागे जाऊन गावं वाटली असतील तर ठीक. नसतील तर दोन्ही एकत्र करा आणि अकरा भांडी धरा. तेव्हा अकरांतून चार निवडायचे प्रकार 330, वरची वीसची खूणगाठही बदलेल.

चुली वाढवायच्या म्हणून शेजारी पाहायचा मोह होईल. सिंधुदुर्ग घेताना रेडीची खाण लक्षात ठेवा. मालवण, देवगड चालतील, पण तिथलं वीजमंडळ आणि दर वेगळे. कर्नाटकाच्या वाटेला जाऊ नका, बळ्ळारीतलं खाणकाम सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जुलैमध्येच थांबवलं होतं. त्याला 'बंदी नसलेला' गट म्हटलंत तर परिणाम कमीच दिसेल.

गोव्यातल्या गोव्यातही कंट्रोल गट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले बिगर-खाण तालुके, सोवळा नाही. खनिज मांडवी-जुवारीतून बार्जवर चढून मुरगाव बंदरात जायचं. बार्जवरचे खलाशी, बंदरातले कामगार, दुरुस्तीचे यार्ड, हे सगळं तुमच्या 'बिगर-खाण' बाजूला पडलंय. मुरगाव काढून एकदा, ठेवून एकदा, दोन्ही आकडे द्या. फोंड्याचं त्याहून अवघड आहे. आतल्या भागातला, खाणी नसलेला तो एकच तालुका, म्हणजे तुमच्या तुलनेतलं सगळ्यात मोलाचं भांडं. पण मी फोंड्यातच राहतो. त्या दोन वर्षांत उसगावच्या बाजूला रस्त्याकडेला उभे ट्रक जाता-येता दिसायचे, काहींच्या चाकांत गवत वाढलेलं. वीज खात्याचे आकडे उपविभागवार मिळतात का ते विचारा, आणि मिळत असतील तर उसगाव बाजूला काढून उरलेल्या फोंड्याचा फरक आधी मोजा. बाकीचे अकरा त्यानंतर.